देवगांडुळाची बाटली

माझं बी.एस्सी.चं प्रॅक्टिकलचं जर्नल मी अजून ठेवलं आहे, आणि ते काही हौसेनं नाही. त्यातल्या एका पानावर रबर इतकं घासलं आहे की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. ते पान उघडलं की आमच्या प्राणीशास्त्राच्या सरांचा राग येतो. ते वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, मला ते जमत नाही.

आमचं गाव पोखर्णीच्या जवळ, घरात मेंढरं. परभणीला कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. आबांनी, म्हणजे वडिलांनी, एकदाच सांगून ठेवलं होतं, "पास होशील तवर शिक. नापास झालीस की लगीन. मंग माझ्या म्होरं रडायचं न्हाई." आबांचा शब्द फिरत नसे. त्यामुळे मी परीक्षेला जेवढी भ्याले तेवढी रानात लांडग्यालाही कधी भ्याले नाही.

वर्गीकरण हा विषय मात्र मला घरचाच वाटायचा. कळपातलं कोणतं कोकरू कोणत्या मेंढीच्या वंशातलं, हे आबा लांबून सांगायचे. रंगाकडे ते बघतच नसत. दोन काळी कोकरं शेजारी उभी राहिली म्हणून काही भावंडं होत नाहीत. ते कानाची ठेवण बघायचे, नाकाडाचा उंचवटा बघायचे आणि चार पिढ्यांमागची आजी काढून दाखवायचे. पुस्तकातही तेच लिहिलं होतं. वरवरचं सारखेपण फसवतं, नातं शोधायचं ते पूर्वजाकडून आलेल्या खुणांवरून.

सरांचं वर्गीकरण वेगळं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाचं आडनाव विचारलं आणि कुणी पुढे बसायचं, कुणी मागे, ते ठरवून टाकलं. मी मधल्या टेबलावर. शेवटच्या टेबलावर एक मुलगी एकटीच. ती पूर्णेहून रोज गाडीनं यायची, तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. हजेरी घेताना सर तिच्या नावाशी क्षणभर थांबायचे आणि वर न बघताच पुढे जायचे. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, आणि आम्ही सगळे वह्यांत बघत होतो.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक बाटली होती, वर चिठ्ठी, देवगांडूळ. हा बेडकांच्या वर्गातला, उभयचर, पण बिनपायाचा प्राणी. कोकणातल्या ओल्या मातीत सापडतो. चित्र काढायचं म्हणून मी भिंगातून बघितलं, तर अंगभर गुळगुळीत खवले, एकावर एक बसलेले, आणि शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा. देवगांडुळाचं अंग असतं कड्याकड्यांचं, कातडी बेडकासारखी. हा तर वाळा होता, आमच्या उकिरड्यात खत उपसताना निघणारा, गांडुळाएवढा आंधळा साप. दोघांनाही पाय नाहीत, हे खरं. पण दोन वेगळ्या घराण्यांनी मातीत राहून राहून आपापले पाय घालवले, एवढंच. जवळचं नातं काही नाही.

मी खवल्यांसकट चित्र काढलं आणि खाली लिहिलं, वाळा, वर्ग सरीसृप.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. एका खेड्यात दलित वस्तीवर हल्ला झाला, तेव्हा तिथलं पूर्णेच्या त्या मुलीच्या मामाचं अख्खं घर तिच्या वडिलांच्या दोन खोल्यांत येऊन राहिलं. ती दीड महिना कॉलेजला आली नाही. आली तेव्हा उतरवून घ्यायला तिला कुणी जर्नल देईना. मी दिलं. दिल्याचा मला फार अभिमानही वाटला, तोही इथे लिहून टाकते. चिठ्ठीवर एक आणि माझ्या जर्नलात दुसरंच कसं, असं तिनं विचारलं. मी तिच्या हातात भिंग दिलं, बाटली खिडकीपाशी धरली आणि आबांच्या थाटात सगळं समजावून सांगितलं. तिनं खवल्यांच्या ओळी मोजल्या. मी मोजायला सांगितलंही नव्हतं.

आठवड्याभरात माझं जर्नल सहीविना परत आलं. सही नसेल तर परीक्षेला बसता यायचं नाही. मी सरांच्या खोलीत गेले आणि खवल्यांचं सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"वाळा आहे, मला काय दिसत नाही? देवगांडुळाची बाटली चुना मारताना फुटली. बागेत हा निघाला, घातला. रजिस्टरला देवगांडूळ आहे, तर परीक्षेतही देवगांडूळच. दुरुस्त करून आण, सही करतो. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

त्यांना माहीत नसतं तर मी माफ केलं असतं. माहीत असून वर्षानुवर्षं पोरांकडून खोटं लिहून घेणारा माणूस, आणि तो आम्हाला शास्त्र शिकवत होता. हे सगळं मनात म्हणत मी व्हरांड्यात बसले, एकेक खवला खोडला आणि कडी काढली. सही मिळाली. त्या मुलीचं जर्नल तर त्यांनी उघडूनही बघितलं नाही, वरच्या वर सही ठोकली. तिच्या जर्नलात खवले तसेच राहिले.

मी तिला सांगायला हवं होतं. परीक्षेला आठ दिवस होते, ती रोज भेटत होती. मी सांगितलं नाही. एवढ्या तोऱ्यात शिकवलं होतं, आता मीच वाकले हे कोणत्या तोंडानं सांगू? लाज वाटली, एवढंच कारण. दुसरं मी खूप शोधलं, सापडलं नाही.

परीक्षेत बाटल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. घंटा वाजली की पुढच्या बाटलीसमोर सरकायचं आणि प्राणी ओळखून लिहायचा. चौथी बाटली तीच होती. मी लिहिलं, देवगांडूळ, उभयचर, कारण अंगावर कडी आहेत. खवले डोळ्यांसमोर होते. बाहेरगावचे परीक्षक चहापाण्यात होते, बाटल्यांचे पेपर सरांनीच तपासले.

मी पास झाले. ती प्रॅक्टिकलात दोन मार्कांनी गेली. त्या बाटलीला तीन मार्क होते.

निकालाच्या बोर्डापाशी ती मला भेटली. चिडलेली वगैरे नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"खवलेच होते," ती म्हणाली. "परीक्षेत म्या परत बघितले. तू काय लिवलंस?"

"तेच," मी म्हणाले. "वाळा."

तिनं बोर्डावर माझा नंबर शोधला. त्याच्यावर बोट ठेवलं.

"मंग माझं आडनावच नडलं म्हणायचं."

नाही, मी देवगांडूळ लिहिलं, एवढं म्हणायला मला तोंड होतं. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले आणि तिची पूर्णेची गाडी चुकू नये म्हणून रिक्षा थांबवून दिली.