सतरा नंबरची उधारी

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचे नाही, तरी मागावीशी वाटते.

इंदिरानगरच्या एका शाळेत मी खिचडी शिजवते. तिथे वर्गाची कामे मुलेच बघतात. सहावीची मॉनिटर हजेरी घेऊन मला आकडा सांगते, तेवढ्या ताटल्या मी वाढते. वह्या-पेनांचे दुकानही तिच्याकडेच. वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे, उधार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या वर्गातली सतरा नंबरची मुलगी तापाने गेली. वर्गात सदतीस मुले उरली. शाळा उघडली तेव्हा मॉनिटर म्हणाली, "अडतीस." एक ताटली उरली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी मी वर्गाबाहेर थांबले.

"सोळा." "हजर."

"सतरा."

मग बारीक आवाज आला, "हजर." सगळी मुले खाली बघत होती. ओठ कुणाचे हलले ते मला दिसले नाही.

उरलेली ताटली मॉनिटरने कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. आमच्याकडचे कावळे मुलांच्या हातातली पोळी पळवतात. ते भिंतीवर ओळीने येऊन बसले, पण खिचडीला चोच लावली नाही. गंगेवर पिंडापाशी मी असे कावळे पाहिले आहेत.

मी सहसा कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी मात्र मॉनिटरला विचारले.

"मावशी, तिनं कंपासपेटी उधार नेली होती. साठ रुपये. नियम मोडून मीच दिली. फेडल्याशिवाय ती कशी जाईल?"

"मग तिच्या नंबरला हजर कोण म्हणतं?"

"आम्ही कुणीच नाही म्हणत."

"मी देते साठ रुपये."

"मोठ्यांचे चालत नाहीत. दुकान आमचं आहे. आम्हीच जमवतोय, सेहेचाळीस झालेत."

मागून एक मुलगा म्हणाला, "आणि ही मॉनिटर असून रोज एकच रुपया टाकते!"

"तू गप रे! कालचा बुडवलास ना?"

तेवढ्यात वर्गाच्या बाई आल्या. त्यांनी हजेरीचा आकडा बघून मुले मोजली. "अडतीस आले कुठून? उद्या आकडा चुकला तर मॉनिटर दुसरी."

मॉनिटरने पैशांचा डबा छातीशी धरला. पैसे फिटल्याशिवाय मॉनिटर सतरा नंबर पुकारायचे सोडणार नव्हती, हे मला कळले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी सगळी मुले डब्याभोवती बसली होती. कुणी वडापावचे पैसे वाचवले होते, कुणी गोट्या विकल्या होत्या. मॉनिटरने डबा फरशीवर ओतून मोजला. एकोणसाठ. खिसे, दप्तरे सगळे चाचपून झाले. आणखी कुणाकडेच काही नव्हते. माझ्या कमरेच्या पिशवीत एक रुपया होता, पण तो त्यांना चालणार नव्हता.

ती पुन्हा मोजायला लागली, एकेक नाणे बाजूला सरकवत. साठ.

"कुणी टाकला?"

मुले एकमेकांच्या हातांकडे बघू लागली. मी पिशवीत हात घातला. माझा रुपया तिथेच होता.

मॉनिटरने नाणी डब्यात भरली, वही उघडली आणि सतरा नंबरासमोर लिहिले, साठ रुपये, पूर्ण जमा.