पांढरी सियाही

"वाळू दे, मग बोल."

नांदेडच्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात चाचा हे दिवसातून किती वेळा म्हणायचे, देव जाणे. तेही मान वर न करता.

आयुष्यभर काळ्या शाईनं मराठी-उर्दू नावं लिहिलेला माणूस. काळ्या, मरून पाकिटांची फॅशन आली आणि त्यांची चिडचिड सुरू झाली. "सियाह म्हणजे काळं, म्हणून तर शाईला सियाही म्हणतात. अन् लोक पांढरी सियाही मागून राहिले! उद्या पांढरा कोळसा मागतील."

मी औशाकडची, सातवीत शाळा सुटलेली, पोटासाठी इकडं आलेली. पाकिटं भरायचं काम होतं. चाचांची नजर जाऊ लागली, तसे मालक म्हणाले, "ताई, चाचा आहेत तोवर पांढरं लिहिणं शिकून घ्या. नाहीतर दुसरं काम बघा." त्याच दिवशी मी टाक हातात घेतला.

पांढऱ्या शाईइतकं खोटारडं काही तुम्ही पाहिलं नसेल. ओली असते तोवर अक्षर झळझळीत. वाळली की दूध पिऊन ठेवलेल्या ग्लासासारखी. पांढरं सगळं बाटलीच्या तळाशी बसतं. हलवावी तर फेस येतो. चाचा बाभळीच्या काडीनं सावकाश ढवळायचे, वर गोंदाचं पाणी घालायचे. किती? "अंदाजानं." तो अंदाजच मला येईना. कमी पडलं तर पांढरं बोटांना लागायचं, जास्त झालं तर टाक अडायचा.

उदगीरच्या एका लग्नाची पाकिटं मी लिहिली. गिऱ्हाईक म्हणालं, "वा ताई, मोत्यासारखं!" मी फुगले. दुपारपर्यंत सगळे पाहुणे पुसट. चाचांनी नावावरून बोट फिरवलं. "सपाट हाय, अक्षर उठलंच न्हाई. चांगलं पांढरं डोळ्याआधी बोटाला कळतं."

मला रडूच फुटलं. "चाचा, माप सांगा ना! थेंब मोजून सांगा!"

"माप असतं तर माझ्या जागी मशीन नसती बसली?" तेही ओरडले. मग स्टूल ओढून जवळ बसले. "लिही बेटी. ढवळायचं मी बघतो." सगळी पाकिटं पुन्हा लिहून होईस्तोवर त्यांचा हात बाटलीत फिरत होता.

पुढं ते लेकीकडं भोकरला गेले. जाताना काडी दिली. "बाटली कुठंबी मिळते."

त्यानंतरची पाकिटं मी एकटीनं केली. मालक म्हणाले, "चालेल. राहा." उपकारच त्यांचे. पण त्या 'चालेल'नं माझं समाधान काही होईना. मी एका काळ्या पाकिटावर चाचांचं नाव लिहिलं आणि भोकरला पाठवलं.

आठवडा गेला. मग लेकीचा फोन. "ताई, अब्बा सकाळपासून पाकिटावर बोट फिरवून राहिलेत. सोडायलाच तयार न्हाईत."

"काही म्हणाले का?"

ती बोलायच्या आत मागून आवाज आला, "गोंद जास्त झालाय, सांग तिला!"