दोरीवरची झबली

आमच्या नर्सबाई कुणाच्याही अंगणात शिरल्या की आधी वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीकडे पाहत. किती झबली, किती लंगोट, कोणत्या मापाचे. मग चपला काढत.

हुडकेश्वर तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं आणि मी तिथल्या शाळेत मास्तर. शहरात रामदासपेठेतल्या डॉक्टरांची फी आणि तिथवर जाण्यात बुडणारी रोजी, दोन्ही गावाला परवडत नसे. आमचा दवाखाना म्हणजे सक्करदऱ्याहून लसीचा थर्मास खांद्याला लावून पायी येणाऱ्या या सरकारी बाई. "दवाखान्याले पाय नसते गा मास्तर," त्या म्हणत, "म्हणून सरकारनं माह्ये घेतले."

एकदा त्यांनी मला लहान मुलांची यादी करायला सांगितली. मी एकेचाळीस घरं फिरलो, प्रत्येक घरी विचारलं, बेरीज दोनदा केली. त्रेसष्ट. बाई यादी वाचून हसल्या.

"गणित बरोबर हाय तुमचं. लेकरं आठ कमी हायेत."

लेकरं मोजली की नजर लागते, असा आमच्याकडे समज. बायका तान्हं मूल वगळूनच आकडा सांगत.

"तुम्ही तोंडाले इचारता, मास्तर. मी दोरीले इचारते."

त्या आठांतलं एक माझ्याच घरचं होतं, हे मी बोललो नाही. माझी थोरली मुलगी डांग्या खोकल्यानं गेली तेव्हापासून माझ्या आईनं धाकटीला कुणाच्या नजरेस पडू दिलं नव्हतं. आकड्यांत मी आयुष्यात लबाडी केली ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या अंगणात उभ्या. आई म्हणाली, "दोन पोरं हायेत. दोघंबी शाळेत गेले."

"मंग हे इतकुसं झबलं मास्तर घालते काय वं आजी?"

आईला हसू आलं, पण ती दारातून हलली नाही. "मोजू नको वं बाई. एक मोजली अन् गेली."

"नाई मोजत." बाईंनी वही उघडून तिच्यापुढे धरली. गावाच्या पानावर एकही आकडा नव्हता, नुसती टिंबं. "पाहा. मी फक्त टोचते."

आईनं त्या टिंबांवरून बोट फिरवलं. मग आत जाऊन धाकटीला घेऊन आली. सुई टोचल्यावर पोर रडली, आई तिच्याहून जास्त. राहिलेल्या दोन सुयांच्या वेळी आईनंच तिला मांडीवर धरलं. पुढच्या वर्षी गावात डांग्या खोकला फिरला. धाकटीला तो शिवला नाही.

बाई निवृत्त झाल्यावर मी एकदा सक्करदऱ्याला त्यांच्या खोलीवर गेलो. तीच शेवटची भेट. त्या एकट्याच राहत. दारातल्या दोरीवर एक पांढरं लुगडं होतं, बाकी काही नाही. माझी नजर तिथं थांबलेली त्यांनी पाहिली.

"काहून मोजून राहिले गा मास्तर? माह्या लेकरांचे कपडे तुमच्या हुडकेश्वरात वाळून राहिले."

"किती झाली असतील सगळी?" मी सवयीनं विचारलं.

"नाई मोजत," बाई म्हणाल्या.