मागून हाक आलीच नाही

आमच्याकडे भाव पाडायची एक रीत आहे. गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात वस्तू हातात घ्यायची, उलटीसुलटी करून पाहायची, जागेवर ठेवायची आणि म्हणायचं, "राहू दे, नाही पाहिजे." मग चालायला लागायचं. वळून पाहायचं नाही. पहिल्या हाकेला ऐकू न आल्यासारखं करायचं, दुसऱ्या हाकेला पाय थोडे जड करायचे. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. "नाही पाहिजे" म्हणजे पाहिजे, पण तुझ्या भावात नाही. कुणी कुणाला फसवत नसतं.

आमगावातलं माझं मोटारपंपाचं दुकान या चालण्यावर उभं राहिलं. पत्र्याच्या टपरीत जळालेल्या मोटारी दुरुस्त करता करता मी पक्क्या दुकानात आलो, ते गोंदियाच्या ठोक व्यापाऱ्यांच्या गादीवरून पुन्हा पुन्हा उठून निघाल्यामुळे. "अरे भैया, बैठो तो सही," असं मागून यायचंच.

ब्लॉग मी रागात सुरू केला. एका पंप कंपनीने खराब माल बदलून द्यायला टाळाटाळ चालवली होती. तक्रारीच्या नंबरावर गाणं वाजायचं आणि गाणं संपलं की फोन कटायचा. मी दुकानातच बसून सगळी हकिगत मोबाइलवर लिहिली आणि गावोगावच्या मिस्त्रींना पाठवली. शेजारचा कापडवाला म्हणाला, "भैया, लिखने से क्या होता है?" कंपनीचा माणूस स्वतः चालून दुकानात आला, तेव्हा काय होतं ते त्यालाही कळलं आणि मलाही. मग मला चटकच लागली. घरी न येताच 'घर बंद' असा शेरा मारणारा कुरिअरवाला, एक दाबा दोन दाबा म्हणणारी बँकेतली बाई, पावसात गुडूप होणारं नेटवर्क, कुणालाच सोडलं नाही. वायसर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "काल बरं झोडपलं तुम्ही." पैसे देऊन स्वतःच्या नावाची साइट घेतली. फुकटच्या जागेवर लिहिणं मला कमीपणाचं वाटू लागलं होतं.

या सगळ्या भांडणांत एकच लेख वेगळा होता, आणि तो माझा नव्हता. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गोरेगावजवळच्या आमच्या गावात राहायचे. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, शेतांसाठी लहान-लहान बोड्या खोदल्या. एका दुपारी तलावाच्या मातीच्या पाळीवर बसून त्यांनी आमच्या तलावाची गोष्ट सांगितली. पाळ कुठे फुटली होती, ती कुणी कशी बांधली, पाणी आधी कुणाच्या धानाच्या बांधीत आणि का. ते बोलत होते आणि मी त्यांच्याच बोलीत टाइप करत होतो. पाळीवर उभं करून काढलेला त्यांचा फोटोही टाकला. पुढच्या वर्षी मोठे बाबा गेले. ज्या फोनमध्ये तो फोटो होता, तो पंप तपासताना दुकानाच्या हौदात पडला. राहिलं ते साइटवर.

मोठ्या मायला, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचता येत नाही. शेजारची सून दुपारी आपल्या मोबाइलवर तो लेख उघडून तिला वाचून दाखवायची. मोठी माय म्हणे मधेच तिला थांबवायची, "इतक्या हळू नको वाचू, ते इतकं हळू नाही बोलत होते." हे त्या सुनेनेच मला हसत हसत सांगितलं होतं.

मग साइट ठेवणाऱ्या कंपनीने वर्षाचे दर वाढवल्याचं कळवलं. मी त्यांच्या चॅटवर गेलो. मी जुनं गिऱ्हाईक आहे, चार लोक माझ्या सांगण्यावरून तुमच्याकडे आले आहेत, वगैरे सगळं टाकलं. समोरून प्रत्येक वेळी "आपली अडचण समजू शकतो" असं यायचं आणि दर तोच. मी लिहिलं, "मग राहू द्या. नाही पाहिजे. बंद करा."

"आपल्याला खाते नक्की बंद करायचे आहे का?"

"हो."

फोन खिशात टाकला आणि समाधानाने गिऱ्हाइकाकडे वळलो.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही उठून निघालात हे त्याला दिसलं का?"

"तुले धंद्यातलं काय समजते?" मी म्हटलं.

दोन दिवसांत त्यांचा मेल आला की तुम्ही जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं. मी फोन तिच्यापुढे धरला. "पाह्य, आले मांगं." नंतर आणखी एक आला, की अजूनही परत येता येईल. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या हाकेला कुणी पलटत नाही. तिसऱ्या मेलमध्ये लिहिलं होतं की ही शेवटची सूचना आहे, यानंतर सगळा मजकूर कायमचा पुसला जाईल. ते वाचून मी खूश झालो. शेवटचाच नग उरला आहे असं सांगायला लागला की दुकानदार मोडायला आला, हे मला आयुष्याने शिकवलेलं होतं. आता भाव उतरणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. पुढे मेल आलाच नाही. धानाच्या रोवणीचे दिवस लागले, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

मोठ्या मायच्या शेजारच्या सुनेचा फोन आला तेव्हा कळलं. "काकाजी, ते बाबांचं पान उघडून नाही राहिलं."

मी उघडून पाहिलं. काही नव्हतं. ती फोनवरच होती. मी म्हटलं, "कंपनीचं काम सुरू आहे. उघडन दोनचार दिवसांत."

लगेच कंपनीला फोन लावला. आधी ओरडलो. पोरगी शांतपणे ऐकत राहिली आणि मी थांबल्यावर तिने माझीच वाक्यं मला वाचून दाखवली. राहू द्या, नाही पाहिजे, बंद करा.

"मॅडम, ती बोलायची पद्धत असते," मी म्हणालो.

"सर, आम्ही खात्री करून घेतली होती. आपण 'हो' लिहिलंत."

"अहो, पण माणूस जाताना हाक मारत नाही का कुणी?"

"सर, तीन मेल पाठवले होते."

मग मी विनवण्या केल्या. म्हणाल तो दर देतो म्हणालो. माझ्या दुकानातला नोकर ऐकत होता, याचंही भान राहिलं नाही. ती म्हणाली, आता आमच्याकडे काहीच शिल्लक नाही, सर. फोन ठेवल्याबरोबर सेवा कशी वाटली विचारणारा मेसेज आला. मी एक तारा दिला.

माझं आजही म्हणणं आहे की ज्याला गिऱ्हाइकाचं 'नाही' ओळखता येत नाही, त्याने दुकान मांडू नये. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण मोठ्या मायला हे सांगायची माझी हिंमत होईना. सुनेचा पुन्हा फोन आला, मी पुन्हा काम सुरू असल्याचं सांगितलं. त्यानंतर तिने विचारणं सोडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. गोरेगावला वसुलीला जायचो, पण गावाकडच्या फाट्यावर गाडी वळवत नव्हतो. जगाला जाब विचारणारा मी एका म्हातारीला टाळत होतो.

गोंदियाच्या एका कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. इंटरनेटवर कुठे जुन्या पानांच्या प्रती राहतात म्हणाला. त्याने शोधून एक पान काढलं. माझा पंपाच्या तक्रारीचा पहिला लेख. तेवढाच सापडला.

संक्रांतीनंतर शेवटी गावाला गेलो. मोठी माय ओसरीवर लाखोरीच्या शेंगा निवडत बसली होती.

"मोठी माय, ते बाबांचं पान..."

"माह्यानंच बिघडलं ना, बाबू?" ती म्हणाली. "तिनं फोन माह्या हाती देल्ला होता, बाबाले जवळून पाह्य म्हणून. माहा अंगठा पडला त्याच्यावर. मांगून उघडलंच नाही. म्हून मी आता तिच्या घरी दुपारचं जातच नाही. लेकराचा महागाचा फोन, आणखी काही बिघडवलं तं."

तिने सहा महिने हे मनात धरलं होतं आणि मी तेवढेच महिने फाट्यावरून सरळ जात होतो. मी सगळं सांगितलं. दरवाढ, 'राहू द्या', मेल, सगळं. ती शेंगांतला हात न काढता ऐकत होती.

"काऊन नाही सांगतलं?"

मी तिच्या सुपातली एक शेंग उचलली.

"म्हंजे माह्या अंगठ्यानं नाही झालं."

"नाही, मोठी माय. माझ्यानं झालं."

तिने सूप बाजूला ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाशी कसं बोलायचं ते मला येतं. ती म्हणाली, "तूच लिहिलं होतं ना? तुले तं याद असन. बोल."

मी बोलायला लागलो. पाळ दक्षिणेकडून फुटली होती, मग साऱ्या गावाने माती वाहिली, पाणी आधी खालच्या बांधीला.

"हे तं मले बी मालूम आहे," ती म्हणाली. "ते कसे सांगत होते, तसं सांग."

मला एक ओळ आठवेना. कंपनीच्या माणसाला काय काय सुनावलं होतं, ते मला शब्द न शब्द पाठ आहे. आत्ता या ओसरीवर कुणी म्हटलं असतं तर न अडखळता म्हणून दाखवलं असतं. मोठ्या बाबांचं मी नुसतं टाइप करत गेलो होतो. बोटं चालत होती आणि डोक्यात दुकान होतं.

मोठी माय माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती. मग तिने सूप परत मांडीवर ओढलं आणि शेंगा निवडायला लागली.