काचेवरची टिकली

सुवर्णा मुळातच संशयी होती असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं. नजर मात्र माहेरची, धनगराची. वडगाव रासाईला बापाच्या कळपात दुसऱ्याचं एक मेंढरू घुसलं तरी या पोरीला लांबूनच कळायचं. मग नवऱ्याच्या कंपनीच्या शर्टाच्या बाहीला चिकटलेली हिरवी टिकली तिच्या नजरेतून सुटते होय? सुवर्णा मरून रंगाच्या टिकलीशिवाय जन्मात दुसरी लावत नव्हती.

धुणं तसंच टाकून ती मटकन खाली बसली. शिरूरला बिऱ्हाड करून दोन वर्षं होत आली होती. संपत रांजणगावला कंपनीत, घरी सासू अनसाबाई, सगळं बरं चाललेलं. आणि आता ही कोण टपकली? पुढच्या धुण्यात खिशातून काळी टिकली निघाली. म्हणजे बया रोज साडीवर मॅचिंग लावती! तळपायाची आग मस्तकाला गेली. कंपनीत पॅकिंगला बाया होत्या. सुवर्णानं मनातल्या मनात एकेकीला हिरवी साडी नेसवून बघितली, आणि प्रत्येक जण तिला आपल्यापेक्षा गोरीच दिसली.

त्यात शेजारच्या अंजनानं तेल ओतलं. "तुजे मालक स्टँडजवळच्या कटलरीच्या दुकानात हुते बग. बारक्यातली बारकी टिकली दावा म्हनत हुते. नशीबवान हायस बया!"

अंजना कौतुकानं बोलत होती, मेली. लग्न झाल्यापासून त्या माणसानं सुवर्णाला टिकलीचं पाकीट सोडा, डोक्याला साधी पिन आणली नव्हती. त्या दिवशी तिनं भाकरी अशी बडवली की परातीला पोचा पडायचा राहिला.

रविवारी दुपारी संपतनं पावडर लावली, भांग पाडला आणि "मित्राकडं जाऊन येतो" म्हणाला. मित्राकडं जायला पावडर लागती का? तुम्हीच सांगा. डोक्यावर पदर ओढून ती मागोमाग निघाली. तो स्टँडच्या मागच्या गल्लीत शिरला, एक जिना चढला. ती पण चढली. आज त्या बयेच्या झिंज्या उपटायच्याच, असं ठरवूनच तिनं दार ढकललं.

आत बाई नव्हती. कॉम्प्युटरची रांग होती आणि कानाला हेडफोन लावून ओरडणारी तरणी पोरं. संपत कोपऱ्यात पाठमोरा बसला होता, आणि त्याच्यासमोरच्या कॉम्प्युटरच्या काचेवर, अगदी मधोमध, हिरवी टिकली.

त्या गेमच्या कॅफेचे मालक बापूसाहेब उठून आले. "कोन पायजे, ताई?"

"त्यो टिकल्यावाला. मालक हायेत माजे."

बापूसाहेब हसले. "आवो वहिनी, बंदुकीचा गेम हाय त्यो. बाकीच्या बंदुकांना पडद्यावर मधी फुली येती, तिच्यावर नेम धरायचा. ह्या लांब पल्ल्याच्या बंदुकीला दुर्बीण लावल्याबिगर फुलीच येत न्हाई. म्हून काचंवर टिकली. दौंडच्या पोरांसंगं मॅच हाय, तवा संपतराव रंग ठरवत्यात."

सुवर्णाचा जीव भांड्यात पडला. हसूच फुटलं तिला. तेव्हाच घरी गेली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण ती बघत उभी राहिली.

संपतनं आधी फुलीवाली बंदूक घेतली, फुलीच्या नेमक्या मध्यावर नखानं टिकली बसवली, मग लांबची बंदूक घेतली. मान मागं नेऊन बघितलं. हिरवी काढून काळी लावली. "सावलीत काळी गुडूप व्हती," स्वतःशीच पुटपुटला. केसभर डावीकडं सरकवली, काढली, परत लावली. डोळे बारीक, ओठ मुडपलेले, सगळा जीव त्या ठिपक्यात. ही नजर सुवर्णाला माहीतच नव्हती. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही हा फोटोवाल्याकडं बघत होता. आता मात्र ती खरी जळली. बाई असती तर झिंज्या धरता आल्या असत्या. काचेचं काय धरायचं?

नजर न हलवता संपतनं हात मागं केला. "अय, मरून हाय का रं कुनाकडं? एक दे."

सुवर्णानं कपाळावरची टिकली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती काचेवर बसवली.

"हां! आता कशी उठून दिसती! हीच ठेवनार."

त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. बापूसाहेब उगाच दुसऱ्या कॉम्प्युटरची वायर तपासू लागले. सुवर्णा जिना उतरून घरी आली.

संध्याकाळी संपत खुशीत जेवायला बसला. अनसाबाईंचं लक्ष सुनेकडं गेलं आणि म्हातारी कडाडली, "अगं, कपाळ मोकळं? नवरा धडधाकट म्होरं जेवतुया आन् हे काय भलतंच? टिकली कुठं गेली?"

सुवर्णानं संपतच्या ताटात भाकरी वाढली. "सवतीला दिली, आत्याबाई. तिला लई उठून दिसती म्हनं."

संपतचा घास हातातच राहिला. त्यानं मान वर करून तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, आणि तिथं रोज कुठली टिकली असते ते काही केल्या त्याला आठवेना.