अठ्ठेचाळीस बोटं पाणी

घाण पाण्याबद्दल इतक्या आदराने बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमचे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, गढूळ पाणी दिसलं की थांबत. रस्त्यात गटार तुंबलेलं असलं की बाकीचे नाकाला रुमाल लावून पलीकडे जात. मामा वाकून बघत आणि ‘यात अजून जीव आहे’ असं म्हणत. हॉटेलात पाण्याचा पेला आला की आधी उजेडाकडे धरत, आणि मग वेटरकडे अशा नजरेने बघत की तो बिचारा न सांगता पेला बदलून आणी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायच्या विभागात त्यांनी वीस वर्षं काढली होती. लोक आपापल्या साहेबांच्या गोष्टी सांगतात, मामा गाळाच्या सांगत. कुठला गाळ पटकन बसतो, कुठला ताटकळत ठेवतो, आणि कुठल्याची समजूत काढावी लागते. ऐकणारा जेवत असला तरी त्यांना फरक पडत नसे. जेवणारा मात्र पुढची भाजी घेताना जरा विचार करी.

हे सगळं मला नंतर कळलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लग्नात, आणि तेव्हा ते एक अक्षर बोलत नव्हते. त्याआधी दोन महिने त्यांचा कारखाना बंद पडला होता. मामा घरी आले, मानपाडा रोडवरच्या आपल्या बैठ्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. पेपर उघडत नव्हते, कुणाशी वाद घालत नव्हते, पाण्याचा पेलासुद्धा उजेडाकडे धरत नव्हते. अक्षता टाकल्या त्याही हातातून सांडल्यासारख्या. मामी माझ्या सासूबाईंना कोपऱ्यात घेऊन सांगत होत्या, “वन्सं, चहा ठेवला तर पितात, नाही ठेवला तर मागत नाहीत. मला त्यांची भीती वाटायला लागलीय हो.” नवरदेवाने ऐकायचं ते बोलणं नव्हतं, पण मी ऐकलं. मामी साध्यासुध्या बाई. घाबरल्या तर दहाजणांत बोलून मोकळ्या होणाऱ्या. त्या कुजबुजत होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

त्या घराच्या मागे एक तळं होतं. तळं म्हणजे काय, घर बांधताना पाणी साठवायला खणून विटांनी बांधून काढलेला हौद. पुढे बुजवायचा राहिला आणि मामांनी त्यात कमळाचा एक कंद सोडला, म्हणून त्याला तळं म्हणायचं. पाणी हिरवंगार, पालकाच्या सुपासारखं. आमच्या लग्नानंतर आठवड्याभरात मामी तुळशीला पाणी घालून त्या काठावर लोटी विसळायला वाकल्या आणि लोटी हातातून निसटून आत गेली. तांब्याची, पोटाला पोचा आलेली, मामींच्या आईची लोटी. पेणच्या माहेराहून आलेली तेवढी एकच वस्तू. मामी ओरडल्या, पदर खोचला, आणि पाय आत टाकणार इतक्यात मागून आवाज आला, “उतरायचं नाही!”

मामा खुर्चीतून उठले होते.

त्यांचं म्हणणं असं, की तळाशी वितभर गाळ आहे. कुणी उतरलं की तो ढवळणार आणि लोटी आणखी खाली जाणार. त्यापेक्षा आपण पाणीच स्वच्छ करू. तळ दिसला की लोटी दिसेल, मग चिमट्याने अलगद उचलू. “किती दिवस लागतील?” मामींनी विचारलं. “पाण्यावर आहे,” मामा म्हणाले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा चहा मागितला.

जावई म्हणून मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तो या सुमारास. अंगात लग्नातला सफारी. दारातच मामांनी माझ्या हातात चाळण दिली. मागच्या अंगणात बारीक खडीचा ढीग पडला होता आणि ती सात पाण्यांतून धुऊन काढायची होती. “सहा का नाही?” मी गमतीने विचारलं. “सहाव्या पाण्यात माझी बोटं दिसली नाहीत, जावईबापू,” ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. माझ्या सासुरवाडीचं पहिलं जेवण दुपारी तीन वाजता झालं. पुरणपोळीवर तूप वाढताना मामी मला हळूच म्हणाल्या, “तुमचे कपडे खराब झाले, माफ करा हो. पण ते बोलायला लागलेत.” चाळण त्यांच्या स्वयंपाकघरातली होती, आणि ती पुन्हा कधी स्वयंपाकघरात गेली नाही.

मामांनी रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका विलायती मासिकात चित्र पाहिलं होतं. त्याला ते बॉग फिल्टर म्हणत. तळ्याच्या उशाला विटांचा दुसरा हौद बांधायचा, गुडघाभर उंचीचा. त्याच्या तळाशी भोकं पाडलेला पाइप, वर धुतलेली खडी, आणि खडीत झाडं. तळ्यातलं पाणी पंपाने त्या पाइपात सोडायचं. ते खडीतून, मुळांतून वर झिरपत येणार आणि हौदाच्या काठावरून परत तळ्यात पडणार. पंप जुन्या कूलरचा होता. पाइपाला भोकं पाडायला मामांनी मामींच्या गॅसवर दाभण तापवलं, आणि त्या वासाने शेजारच्या घरातली पूजा मध्येच थांबली. झाडांना मात्र चिमूटभरसुद्धा माती नाही. “उपाशी ठेवायची,” मामा सांगत. “मग ती पाण्यातली घाण खातात. माती दिली की लाडावतात.” कर्दळ लावली, वेखंड लावलं, आणि मुख्य म्हणजे अळू. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मानपाड्याच्या आगरी बाईंनी टोपली खाली ठेवून तो सगळा खटाटोप पाहिला आणि म्हणाल्या, “अवं काका, आमच्या घरामागं मोरीचा पानी जातं, तिथं हाच अलू हाय. याला येवरा पाईप कशाला?” दुसरा कुणी असता तर रागावला असता. मामा हात जोडून म्हणाले, “बाई, हा शोध तुमच्या आजीने आधी लावला. मला फक्त पाइप सुचला.”

पाणी किती निवळलं हे मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. चहाच्या डब्याचं पांढरं झाकण, त्यावर काळी फुली, आणि त्याला बांधलेली दोरी. सकाळी सात वाजता झाकण पाण्यात सोडायचं, फुली दिसेनाशी झाली की दोरी ओली झाली तेवढी बोटांनी मोजायची. तळ अठ्ठेचाळीस बोटांवर होता. “नऊ बोटं!” मामा ओरडत, आणि स्वयंपाकघरातून मामी “बरं!” म्हणत. पुढे पुढे आळीतले लोक कामाला जाता जाता फाटकातून विचारायला लागले, “आज किती?” क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं. अगदी सुरुवातीला एक दिवस आकडा नवावरून धाडकन चारावर आला होता. मामांनी तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बेडूक उतरला असणार असा निकाल दिला. मग महिनाभर आळीतल्या प्रत्येक बेडकावर संशय होता.

वीज गेली की मामा बादलीने पाणी उपसून फिल्टरमध्ये ओतत, कारण खडीत राहणारे सूक्ष्म जीव गुदमरतील. घामाघूम होत, पण थांबत नसत. पहिलं अळू फोफावलं तेव्हा मामींनी वड्या केल्या. ते अळू मामांनी कुठल्याशा नाल्याच्या काठावरून आणलं होतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आम्ही सहाजण घसा खाजवत रात्री दहापर्यंत चिंचेचं पाणी पीत बसलो. “खाजतंय म्हणजे झाड सशक्त आहे,” मामा स्वतःचा घसा खाजवत म्हणाले. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या बाईंनी आपल्या मोरीमागचे चार कंद आणून दिले, आणि तेव्हापासून त्या फिल्टरची पानं सुपाएवढी व्हायला लागली.

दुसऱ्या वर्षी श्रावणात आकडा एकोणचाळीसवर गेला. मामा रात्री झोपेनात. मला ठाण्याला पत्र आलं: ‘गणपतीला या. लोटी निघेल.’ आम्ही गेलो. मामा चतुर्थीच्या आदल्या दिवशी शहाडला, उल्हास नदीकाठच्या मित्राकडे, वेखंडाची रोपं आणायला गेले होते. संध्याकाळी परत आले आणि मागच्या दारात पुतळ्यासारखे उभे राहिले. फिल्टरमध्ये अळूचं एक पान नव्हतं. नुसते देठांचे खुंट. गणपती, ऋषिपंचमी, गौरी. सगळ्या आळीला अळू हवंच होतं, आणि मामींनी दारात येईल तिला जुडी बांधून दिली होती. “सणाला नाही कसं म्हणायचं?” मामी पदराशी चाळा करत म्हणाल्या. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा खुर्चीत जाऊन बसतो. गौरी उठेपर्यंत पाणी बारा बोटांवर आलं. पण मामांनी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळीच पेन्सिल कानाला लावली आणि फिल्टर दुप्पट करायचा नकाशा काढायला घेतला. शिवाय नियम केला: एका झाडाची कडेची दोनच पानं घ्यायची, तीही मोजून. मामींनी नियम मान्य केला. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसायला हवा होता, तो मला नीट दिसला नाही, पण सणाची गडबड होती.

मोठा फिल्टर उभा राहिला. तो बघायला लोक येऊ लागले. ठाण्याचे एक डॉक्टर आपल्या बंगल्यातलं तळं दाखवायला मामांना गाडीतून घेऊन गेले. मग आणखी कुणी बोलावलं. मामा पुन्हा वाद घालू लागले, हॉटेलात पेले परत पाठवू लागले, जेवताना गाळाबद्दल बोलू लागले. आणि चौथ्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत आम्ही तिथे असताना, सकाळी सात वाजता झाकण तळाला टेकलं तरी फुली दिसत होती. “अठ्ठेचाळीस!” मामांचा आवाज फाटला. फाटकातून निम्मी आळी आत आली. आम्ही सगळे वाकलो. तळाचा गाळ मामांनी हळूहळू नळीने काढून टाकला होता; वीट न् वीट मोजता येत होती. एक पक्कड होती, दोन चमचे होते, मामांचा हरवलेला चष्मा होता. लोटी नव्हती.

मग मामी आत गेल्या आणि गव्हाच्या डब्यातून लोटी काढून घेऊन आल्या. “मी त्याच आठवड्यात काढली होती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खडी आणायला गेला होतात तेव्हा. मग तुम्ही एवढे कामाला लागलात... म्हटलं, राहू दे डब्यात.” मामांनी तोंडाचा आ केला. कपाळावर हात मारला. “चार वर्षं! अगं चार वर्षं तू मला फसवलंस?” आळी खो खो हसली, मामी लाजून लाल झाल्या, आणि सगळ्यांना चहा झाला.

संध्याकाळी मामा मागच्या नळावर हात धूत होते. मी टॉवेल घेऊन उभा होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “जावईबापू, बेडकाचं वजन किती असतं हो?”

“कुठल्या बेडकाचं?” मी विचारलं.

“नवावरून चारावर,” मामा म्हणाले. “वीस वर्षं मी गढूळपणा मोजला. बेडूक एक बोट खाली आणतो, दीड म्हणा. पाच बोटं म्हणजे माणूस. शिवाय हिच्या साडीच्या काठाला गाळ होता. मी म्हटलं, ही बाई कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उतरली, वर आपल्यासाठी स्वतःच्या आईची लोटी स्वतःच्याच घरात चोरासारखी लपवली. आता आपण खुर्चीत कसं बसायचं?” त्यांनी टॉवेल घेतला आणि बराच वेळ हात पुसले. “तिला सांगू नका. फार आनंदात आहे ती.”

मी नाही सांगितलं. मला मामांबद्दल आदर होताच, त्या दिवसापासून प्रेम वाटायला लागलं, आणि ते कधी कमी झालं नाही. पुढे दहा-एक वर्षांनी मामा गेले. शांतपणे, सकाळचा आकडा मोजून झाल्यावर. त्या वर्षीच्या गणपतीत मी एकटाच डोंबिवलीला गेलो. पंप चालू होता. पाण्याखाली विटा दिसत होत्या. मामी फिल्टरपाशी बसून प्रत्येक झाडाची कडेची दोनच पानं मोजून कापत होत्या, शेजारी ती पोचा आलेली लोटी होती.

“तुम्हाला म्हणून सांगते,” मामी पानं जुळवत म्हणाल्या. “ते अळू मी मुद्दाम वाटलं होतं बरं का. पाणी निवळत आलं तशी मी धास्तावले. तळ दिसला की हे परत खुर्चीत बसतील, असं वाटलं.” मग त्या हसल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. “सगळं कळायचं हो त्यांना. पाण्याकडे बघून सांगायचे, काय झालंय ते. पण जन्मात एकदा मी त्यांना फसवलं. चार वर्षं पत्ता लागू दिला नाही. नाही का हो?”

त्यांनी जुडी बांधून माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि म्हणालो, “हो मामी. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.”