सालोमीचं नाव

माझा गाण्यातला जोडीदार याकोब गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो. कडा गावी बहिणीकडे गेला होता, जेवून बसला आणि बसल्या जागी संपला. आमच्यात म्हणतात, प्रभूमध्ये निजला. हे वाक्य मी आजवर कितीतरी घरी जाऊन म्हटलं आहे, त्या दिवशी मात्र तोंडातून निघेना. मुलांना 'म्हणत राहा' असं सांगून व्हरांड्यात येऊन उभा राहिलो... सव्वा महिना झाला, अजून एका जागी धड बसवत नाही.

दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात पत्र्याचं छोटं ख्रिस्तमंदिर आहे. दिवाळी झाली की निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते आणि मागे उरतात म्हातारी माणसं, मी आणि माझा कीबोर्ड. याकोबही जायचा. गाणी तो फडातच रचायचा, मोळ्या बांधता बांधता, आणि फोनवर गाऊन मला पाठवायचा. मागून कोयत्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मी ठेका लावायचो, आणि पुढच्या रविवारी ते गाणं सगळ्यांचं व्हायचं. आमची जुनी गीतं इतकी संथ, की उभ्याउभ्या डुलकी यावी. याकोबच्या गाण्याला म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या धरायच्या. पाळकसाहेबांना आधी हे रुचलं नव्हतं. तरणी पोरं यायला लागली तेव्हा त्यांनीही मान डोलावली.

त्याची सालोमी चार वर्षांची असताना फडावरच तापाने गेली. पंधराएक वर्षं झाली असतील. तिकडेच मातीआड केली. त्याबद्दल तो कधी बोलत नसे. एकदा मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून आम्ही दोघं ती ढकलत येत होतो, तेव्हा मध्येच थांबला आणि म्हणाला, "सालोमी तिथं वाढली असंल का बे? का हाय तेवढीच असंल? मला वळखंल का ती?" मी उपदेश करण्यात पटाईत. स्वर्गात सगळे सगळ्यांना ओळखतात, असं सांगून टाकलं. तो 'हां' म्हणाला. त्याचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं, पण मला घरी जायची घाई होती.

त्यानंतर त्याने स्वर्गाचं गाणं केलं. शेवटच्या कडव्यात तो वर पोचला आहे, सगळीकडे गर्दी, आणि तो हाक मारतोय, 'सालोमी, इकडं बघ, मी आलोय.' ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आणि तरी मी ते बदललं. गाणं गावोगावच्या मंडळ्यांनी म्हणायचं, मग एका घरच्या पोरीचं नाव उपासनेत कसं घ्यायचं, असं माझं म्हणणं. पाळकसाहेबांनीही दुजोरा दिला. 'सालोमी' काढून 'लेकरा' घातलं, चालीत बसलंही. याकोबला विचारलं नाही. भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंगची तयारी केली आणि ऐन वेळी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं होतं तसं एका दमात गायला. गाणं खूप चाललं. फोनवरून पार लांबच्या फडांपर्यंत गेलं, दफनाला तर ठरलेलंच. माझी कॉलर ताठ.

याकोबच्या दफनाला ते मीच गायलो. 'लेकरा, इकडं बघ' म्हटलं तेव्हा त्याच्या बायकोने, रूथवहिनींनी, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. माती लोटून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निदान आज तरी ते नाव घेऊन त्याला निरोप द्यायला हवा होता, आणि आजही मी माझाच कागद वाचला होता. मला माझी लाज वाटली.

आठ दिवस त्यांच्या घराकडे जायचं टाळलं. मग गेलो. वहिनी मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हटलं, वहिनी, ते नाव मी काढलं, त्याला न विचारता. त्यांचा हात थांबला नाही. "ठाऊक हाय, भाऊजी. त्या दिसापासनं त्यांनी ते गाणं पुन्ना म्हणलंच न्हाई. घरीबी न्हाई."

मला वाटायचं, घसा बसतो म्हणून तो हे गाणं माझ्यावर ढकलतो... मी माफी मागितली. वर पुन्हा नेहमीसारखं बोलून गेलो, की आता काय, तो तर तिच्यापाशी पोचला असेल. तेव्हा मात्र त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोचले असतील. पर तिथं लई गर्दी असंल. ती चार वर्साची गेली, ह्यांचे केस पिकलेले. कोण कुनाला वळखनार? तुमी नाव घेत ऱ्हावा. आवाज कानी गेला तर वळून तरी बघंल ती."

त्या रविवारी मंडळीपुढे उभं राहून सगळं सांगितलं आणि नाव घेऊन गायलो. आता दर रविवारी घेतो. त्या ओळीपाशी आलो की कीबोर्डवरचा हात उचलतो, 'सालोमी' असं नुसतंच म्हणतो, जरा मोठ्याने, आणि थांबतो. मंडळीही थांबते. बापलेकीला एकमेकांची ओळख पटायला किती वेळ लागतो, कुणाला ठाऊक.